मानेचं दुखणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण — कारण तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही.

लग्न होऊन मी मोताळ्याला आले. घरात आम्ही तिघंच. दुपारी जेवणं आटोपली की मी खोलीचं दार लोटून मोबाईल घेऊन पडायची. कॉलेजच्या मैत्रिणींचे फोटो — कुणाचा पुण्यातला फ्लॅट, कुणाची मनालीची सहल. बघताना जीव जळायचा, तरी बोट थांबत नसे. सासूबाईंना वाटायचं, सून झोपली. हळूहळू जेवण जाईना, झोप उडाली, उगीच रडू यायचं. मग मान आखडली. हाताला मुंग्या येऊ लागल्या.

मलकापूरच्या डॉक्टरांनी सरळच विचारलं, "मोबाईल फार बघता का?"

नवरा आणि सासूबाई शेजारीच होते. मी म्हटलं, "नाही हो, फोन आला तर तेवढाच." आणि — का बोलले मी हे? — "पाणी भरणं, धुणं, भाकरी... माझ्यावरच असतं सगळं."

बाहेर आल्यावर हे चिडले. "आई, कितीक राबवतं तू तिले?"

खरं तर निम्म्याहून जास्त काम सासूबाईच करायच्या. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी पिशवीत औषधं भरत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून पाणी, धुणं, सगळं त्यांनी स्वतःकडे घेतलं. वर माझ्या मानेला तेल चोळायच्या. "माह्यंच चुकलं व पोरी," म्हणायच्या, "तुह्याकडं लक्षच नाही देलं." मी डोळे मिटून घ्यायची. त्या उठून गेल्या की — पुन्हा मोबाईल.

एकदा भरलेली कळशी घेऊन त्या अंगणात घसरल्या. मनगट मोडलं, प्लास्टर चढलं. मग घर खरोखरच माझ्यावर आलं. मोबाईल कुठे ठेवलाय, तेही आठवेना. दुपारी मी त्यांची वेणी घालायला बसायची आणि त्या माहेरच्या गमती सांगायच्या. म्हैस विहिरीकाठी अडून बसली, ती गोष्ट ऐकून तर मी पोट धरून हसले. किती दिवसांनी! मला भूक लागू लागली, पडल्या पडल्या झोप येऊ लागली. मान कधी सुटली, कळलंही नाही.

गोळ्यांनी असेल थोडं. पण मला माणसात आणलं ते त्यांनी. इतकं जवळ बसून माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं — की त्या आधीपासून बोलत होत्या, आणि दार मीच लोटलं होतं? त्यांचं हे ऋण मी जन्मभर मानेन.

प्लास्टर निघालं, पण त्यांचं मनगट अजून पुरतं वळत नाही. परवा नणंद आली होती. सासूबाई तिला सांगत होत्या, "म्या हिले लय राबवलं. तरी हिनं माह्यं सारं केलं."

मी चहा घेऊन तिथंच उभी होते. त्यांनी मला कधीच राबवलं नव्हतं.

मी कप खाली ठेवले आणि आत निघून गेले.