यादीतले घोडेवाले भावजी

बुरुलसून आमच्या शाळेची ग्रंथपाल. तीस वर्षांत सासरच्या एकाही थोरल्याचं नाव तिने तोंडातून काढलं नाही. इथल्या, नारिनकडच्या डोंगरांतल्या सुना अजून हे पाळतात. मी तिसऱ्याच वर्षी सोडलं आणि सासूच्या शिव्या खाल्ल्या. बुरुलसूनचे मात्र सगळे ‘गिरणीवाले भावजी’ नाहीतर ‘उंच टोपीवाले मामंजी’.

नवरा जाऊन वर्ष होत आलं, तरी ती रडली नव्हती. संगणकाच्या वर्गाला माझ्या शेजारी बसायची, सांगितलं तेवढं करायची. त्या आठवड्यात आइझिरेकबाईंनी यादीतली दुबार नावं काढायला शिकवलं. एक रिकामी यादी घ्यायची, जुनीतलं एकेक नाव बघायचं, नवीत नसेल तरच घालायचं.

“वर्षाच्या जेवणाची यादी घालून बघते,” बुरुलसून म्हणाली. सासरच्या चार घरांतून नावं आली होती, बरीचशी तीच ती. ती तिने स्वतः टंकली. तीनशे बाराची एकशे नव्वद झाली.

“बघ, दोन मेंढ्या वाचल्या!” मी म्हणाले. ती हसली नाही. तिच्या मुलीने, नुरझातने, त्याच यादीवरून सगळ्यांना फोन केले.

जेवणाच्या दिवशी मानाप्रमाणे मांसाचे तुकडे वाटताना बुरुलसूनचा हात थांबला. “वरच्या कुरणातले घोडेवाले भावजी कुठायत?”

“यादीत घोडेवाले एकच होते, आई. खालच्या गावचे. ते आलेत की.”

टंकतानाही तिने नावं टाळली होती. दोघांनाही नुसतं ‘घोडेवाले भावजी’ लिहिलं, म्हणून दुबार ठरून यादीत एकच उरला. राहून गेले ते, ज्यांनी बर्फातून तिच्या नवऱ्याचा देह आपल्या घोड्यावर घालून घरी आणला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाट्याचं मांस घेऊन आम्ही दोघी वर गेलो. म्हातारा दारात बसला होता.

“काल सकाळपासून कपडे करून बसलो होतो, सूनबाई. म्हटलं, फोन येईल.”

तिने यादीचं सगळं सांगितलं.

“मग दुसरा घोडेवाला जेवून गेला?”

“गेले.”

म्हाताऱ्याने पुडकं मांडीवर घेतलं, उघडलं नाही. “मांस काय, माझ्याकडेही आहे. मंडळींत बसून तुझ्या नवऱ्यासाठी दुवा मागायची होती. आता कधी मागू?”

वर्षाचं जेवण एकदाच होतं. तेव्हाही बुरुलसूनच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि मला तिचा भयंकर राग आला.