घराकडे तोंड केलेला कॅमेरा

उकंडराव कॅमेरा घ्यायला कारंज्याला गेले, तेव्हा इंझोरीत बातमी झाली की म्हाताऱ्यानं कुठंतरी सोनं पुरून ठेवलंय. लोकांचं काय, त्यांना बसल्या जागी विषय पाहिजे. सहा एकर वावर, दोन बकऱ्या अन् पत्र्याची ओसरी. असल्या घरी चोर आलाच तर तो बिचारा स्वतःचंच काहीतरी ठेवून जाईल. उकंडरावांना चोराची भीती नव्हतीच. घरातलं माणूस घराबाहेर निघून जातं, ही त्यांची भीती होती.

ते माणूस म्हणजे त्यांची बायको, मनकर्णाबाई. दोन वर्षांपासून तिला विसरण्याचा आजार जडला होता. आधी ती भाजीत मीठ टाकायचं विसरली, मग वार विसरली, मग अकोल्याला दिलेल्या वैभवीला, पोटच्या एकुलत्या एक पोरीला विसरली. अन् या दिवाळीपासून उकंडरावांनाच विसरली. सांजच्याला ते वावरातून घरी आले की डोक्यावरचा पदर सारखा करून अदबीनं विचारायची, "पाव्हणे, तुमी कवा जासान?"

चव्वेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस स्वतःच्या घरात पाहुणा झाला! उकंडराव हसून म्हणायचे, "जाईन उद्या." मग बकऱ्यांना चारा टाकायच्या निमित्तानं बाहेर जाऊन डोळे पुसायचे. फार वाईट वाटायचं त्यांना, अन् वाटणारच.

तरी विसरण्याचं एक वेळ चाललं असतं. पण उकंडराव वावरात गेले की ही घरातून निघायची. तीन वेळा ती मोठ्या रस्त्यावर सापडली. तो रस्ता रुंद झाल्यापासून ट्रकवाले काही पाहत नाहीत. तिन्ही वेळा शेजारच्या रुपाबाईनं हाताला धरून आणली. तिसऱ्या वेळी तिनंही हात टेकले. "भाऊजी, मी कवालोक पाहू? बायेरून कुलूप लावून जात जा."

वैभवीनंही फोनवर तेच सांगितलं. "बाबा, कुलूप लावा. नाई तर वावर बटईनं द्या, अन् दोघंबी अकोल्याले या."

उकंडरावांनी एक दिवस कुलूप लावलंही. कोपऱ्यापर्यंत गेले अन् मागून आवाज आला. मनकर्णाबाई आतून कडी वाजवत होती. ओरडत नव्हती, रडत नव्हती, नुसती हळूहळू वाजवत होती, दुसऱ्याच्या दारी उभी असल्यासारखी. उकंडराव तसेच माघारी फिरले, कुलूप काढलं अन् त्या दिवशी वावरात गेलेच नाहीत. पण हरभऱ्याला पाणी पाहिजे होतं, अन् मोटारीची वीज, म्हणजे लाइन, दिवसाचीच होती. लाइन काही कोणासाठी थांबत नाही. आता एक तर बायकोला कोंडायचं, नाही तर गाव सोडायचं, अशी वेळ आली होती. तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की फोनमधून घर दिसतं म्हणे.

कारंज्याच्या दुलीचंदशेठच्या दुकानातून उकंडरावांनी आयुष्यभर मोटारी अन् पाइप नेले होते. आता गादीवर नातू अर्पित बसतो. त्यानं काकांना चहा सांगितला अन् काउंटरवर पाच-सहा कॅमेरे मांडले.

"काका, हा घ्या. गेटवर लावा. रस्त्यावरून मांजर गेलं तरी फोन वाजते."

"मांजरीनं वाजला तर दिवसभर वाजतच राहीन, लेका. माह्या घरी दोन बकऱ्या हायेत. मानूस गेला तवाच वाजनारा दाखव."

अर्पितनं दुसरा काढला. पण उकंडराव कसले ऐकतात! आयुष्यात त्यांनी दाताला हात लावल्याशिवाय अन् चालवून पाहिल्याशिवाय बैल घेतला नव्हता. कॅमेरा काय आभाळातून पडला होता? त्यांनी अर्पितला तो सुतळीनं खांबाला बांधायला लावला अन् स्वतः त्याच्यासमोरून चालत गेले. फोन वाजला. टोपी फेकली, नाही वाजला. ओणवे होऊन चार पायांवर गेले तेव्हा मात्र जरासा अडखळून वाजला, अन् दुकानातली गिऱ्हाइकं पोट धरून हसली. हसोत बापडी. मग त्यांनी विचारलं, घरची वीज गेली तर? त्याला आत बॅटरी होती. गावात वायफाय कुठलं असणार? तर त्यात सिमकार्ड बसत होतं. अन् इथून बोललेलं तिथं ऐकू येतं का? येत होतं, तिथलं इथंही यायचं.

"घेतला," उकंडराव म्हणाले. "पन तोंड घराकडं पायजे."

अर्पित थांबला. "घराकडं? काका, सारे लोक रस्त्याकडं तोंड करतात. येनारा दिसला पायजे ना?"

"येनाऱ्याचं मले काही नाई. जानारा दिसला पायजे."

अर्पितला काकूंच्या आजाराचं कानावर होतं. दुसऱ्या दिवशी स्वतः इंझोरीला येऊन ओसरीसमोरच्या खांबावर, घराच्या दाराकडे तोंड करून त्यानं कॅमेरा बसवून दिला. उकंडरावांनी नव्या अवजाराला लावतात तसं त्यालाही हळदकुंकू लावलं, अन् नेमकं काचेवरच! फोनमध्ये सारं घर लालभडक झालं. अर्पितनं रुमालानं कुंकू पुसून बाजूच्या पांढऱ्या अंगावर लावून दिलं.

पहिल्या दिवशी उकंडरावांनी वावरात फोन उघडला अन् पाहतच राहिले. आपलं घर! चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी हे घर आपण तिथं नसताना कधी पाहिलंच नव्हतं. माणूस कसं पाहणार? तो गेला की घराचं काय होतं, हे त्याला कोण सांगणार? तिथं ऊन ओसरीवर आलं होतं. चिमण्या दाराच्या आत-बाहेर करत होत्या. फोन वाजला अन् मनकर्णाबाई आली. तिनं ओसरी झाडली, मग पुन्हा झाडली. बकरीच्या गळ्यातला दोर सैल केला, तिच्याशी काहीतरी बोलली अन् स्वतःशीच हसली. ते घरी असले की ती पाहुण्यासमोर बसल्यासारखी अवघडून बसायची. इथं ती मोकळी होती. उकंडरावांना भरून आलं. हातात पाइप तसाच राहिला अन् एका वाफ्यात पाण्याचं तळं झालं.

अकराच्या सुमारास फोन पुन्हा वाजला.

मनकर्णाबाई दारातून बाहेर येत होती. नऊवारीचा काष्टा तिनं घट्ट खोचला होता, पदर कमरेला बांधला होता, अन् डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. आतापर्यंत ती रस्त्यावर सापडायची ती रिकाम्या हातांनी. गाठोडं कुठं पडायचं, त्याचं काय व्हायचं, ते कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी बोलायचं बटन दाबलं. "अवं, आयकतं का!"

गावात कोणीही कोणालाही अवं म्हणतं. ती चालतच राहिली.

"वैभवीचे माय!"

वैभवी कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. ती ओसरीच्या पायरीवर आली. तिथून फाटक वीस पावलं, अन् फाटकापासून रस्ता जवळ. फटफटीवर निघालं तरी उकंडरावांना पोचायला दहा मिनिटं लागली असती. आता तिला हाक मारायला एकच नाव उरलं होतं, अन् ते त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडातून काढलं नव्हतं. आमच्याकडे त्या पिढीचा नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको तर नवऱ्याचं घेतच नाही. आजूबाजूला हरभऱ्याशिवाय कोणी नव्हतं, तरी त्यांना लाज वाटली.

"मनकर्णा!"

ती थांबली.

वळली. इकडं तिकडं पाहिलं. कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला अन् वर, खांबाकडं पाहिलं. फोनमध्ये ती थेट उकंडरावांकडं पाहत होती. दिवाळीपासून तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं नव्हतं.

"कोन होय?"

"मी."

"मी कोन?"

"उकंडराव."

नवऱ्याचं नाव ऐकून मनकर्णाबाईनं जीभ चावली; तिला वाटलं, कोणी त्यांनाच विचारत आलंय. मान खाली घातली. मग हळू आवाजात, मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "ते घरी नाईत. सकायपासून वावरात गेलेत, उपाशी. मी त्याइलेच भाकर घेऊन चालली. तुमी बसा ओसरीवर, रांजनातलं पानी घ्या."

उकंडरावांनी फोन डोळ्यांजवळ आणला. तीन वेळा ही रस्त्यावर गेली, गावानं हिला वेडी ठरवलं, त्यांनी स्वतः हिला कुलूप लावलं, अन् ही निघाली होती त्यांच्याकडे! समोर बसलेल्याला तिनं ओळखलं नाही, पण वावरात राबणारा, भुकेला राहिलेला तिचा माणूस तिला रोज बरोबर अकरा वाजता आठवत होता. त्यांना रडू आलं, अन् असा आनंदही झाला की सांगता सोय नाही. एवढं मोठं काही आपल्या घरात रोज घडून राह्यलं होतं, अन् आपल्याला पत्ताच नव्हता!

"मनकर्णा," ते पुन्हा म्हणाले. आता ते नाव जड गेलं नाही. "तू जाऊ नोको. मी निरोप देतो त्याइले. ते घरीच येऊन राह्यले जेवाले."

"खरं सांगता?"

"खरं."

"मंग सावकाश या म्हना. ऊन लई हाय."

ती पायरीवर बसली. गाठोडं मांडीवर घेतलं अन् फाटकाकडं पाहत राहिली. उकंडरावांनी मोटार बंद केली नाही, पाइप गोळा केले नाहीत, तसेच फटफटीवर बसले. सावकाश वगैरे काही ते आले नाहीत.

घरी पोचले तेव्हा ती तिथंच होती. त्यांना पाहून तिनं पदर सारखा केला.

"बसा पाव्हणे. ते येऊनच राह्यले, निरोप आला."

उकंडराव तिच्या शेजारी पायरीवर बसले. दोघंही फाटकाकडं पाहू लागले. तिकडे रस्त्यावरून ट्रक गेला, मग एक जीप गेली.

"लई भूक लागली असन त्याइले," ती म्हणाली.

"हाव," उकंडराव म्हणाले. "लई लागली."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फडक्याची गाठ सोडली. आत सकाळी त्यांनीच थापलेली जाड भाकर होती, एक कांदा होता, मिरचीचा गोळा होता. तिनं भाकर मोडली अन् मोठा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"घ्या तुमी," ती म्हणाली. "ते आले की त्याइच्यासाठी मी आनखी करीन."