खाल्तोच्या घरातला राजीनामा

आखातात, अल हिलालमधल्या आमच्या व्हिलाचे मालकाने दोन भाग केले होते. खाली आम्ही, वर एक पॅलेस्टिनी कुटुंब: नवरा, बायको आणि तिचे म्हातारे वडील. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे मिस्टर आठवडाभर अल खोरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे, त्यामुळे घरात मी आणि बारा वर्षांची मुलगी. ती शाळेतून आली की दप्तर टाकून वर पळायची. वरच्या बाईला ती ‘खाल्तो’ म्हणायची, म्हणजे मावशी. नाशिकच्या सख्ख्या मावशीशी फोनवर दोन वाक्यं बोलायचं तर हिच्या जिवावर यायचं! माझ्या मराठीला उत्तर इंग्रजीत, आणि वरून येताना मात्र तोंडात अरबी शब्द. बाई चांगली होती, मलाही आवडायची. तरी जिन्यावरून दोघींचं हसणं ऐकू आलं की माझी तव्यावरची पोळी करपायची.

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. पॅलेस्टिनींचे अध्यक्ष राजीनामा देणार, अशी बातमी आली आणि वरचा टीव्ही बंद होईना. एकदा जेवताना मुलगी इंग्रजीत म्हणाली, “आई, ते गेले तर पुढे कोण, हेच कुणाला माहीत नाही. कायद्याने खुर्ची स्पीकरकडे जाते. पण स्पीकर दुसऱ्या पक्षाचा आणि पार्लमेंट तर भरतच नाही.”

“महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कोण, ते सांग बरं,” मी म्हटलं.

“बाबांना विचार,” म्हणून ती वरण ओतून घ्यायला लागली.

शुक्रवारी तिला बोलवायला मी वर गेले. म्हातारबाबा आणि जावई तावातावाने भांडत होते. खाल्तोने मला बसवलं आणि इंग्रजीत समजावून सांगितलं. बाबा म्हणत होते, खलास, पुरे झालं, जाऊ दे त्याला. जावई म्हणत होता, मग दोन्ही गट खुर्ची आमचीच म्हणतील, आणि आज जे थोडंफार एकत्र चालतंय तेही थांबेल.

“माझी बहीण गाझात, भाऊ रामल्लाच्या शिक्षण खात्यात,” ती म्हणाली. “गाझात एक सरकार, रामल्लात दुसरं. एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण बारावीची परीक्षा अजून एकच घेतात. पुढच्या वर्षी बहिणीचा मुलगा बसतोय. हेही मोडलं तर त्याचं सर्टिफिकेट बाहेर कोण मानणार?”

माझी मुलगी तिला चिकटून बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मला ताप आला होता तेव्हा हीच मुलगी दारातूनच ‘पॅरासिटामॉल घे’ म्हणून गेली होती. तिच्या त्या हाताकडे बघताना मला गाझाही दिसेना आणि रामल्लाही.

“तुमच्याकडे सरकार पडलं तर दुसऱ्या दिवशी तुझी बहीण काय करते?” खाल्तोने अचानक विचारलं.

“चहा करते,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

“बघ. मला तुझा फार हेवा वाटतो.”

माझ्या हेव्याचं तिला काय सांगणार?

अध्यक्ष गेले नाहीत. जाणार, जाणार म्हणत तिथेच राहिले. वर कुणाला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. बाबा म्हणाले, एक माणूस हलला की सगळं कोसळेल असं घर कुणी बांधतं का?

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा झाली, दोन्हीकडे एकच पेपर. निकालाच्या दिवशी खाल्तो जिन्यावरून धावत खाली आली. दार मी उघडलं, पण ती माझ्या बाजूने आत घुसली आणि मुलीला कवटाळून रडायला लागली. “पास झाला, हबीबती, माझे लाडके, पास झाला!” दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या. मी कणकेचे हात घेऊन बघत राहिले. मग तिने मलाही मिठी मारली. मनापासूनच मारली, पण मुलीनंतर.