मावशीने उडवलेला बार

झुपकेदार मिशा, पहाडी आवाज, आणि नाव काय, तर मावशी! हत्तींच्या अनाथ पिल्लांच्या छावणीत सगळे त्याला याच नावाने हाक मारत. माय मरो, मावशी उरो म्हणतात ना. शिकाऱ्यांनी आई मारली की पिल्लू याच्या पदरात यायचं.

ठमी सापडली ती मेलेल्या आईला बिलगलेली. गोळीचा आवाज तिच्या कानांतून जाईना. बादली आपटली तरी थरथर कापायची, दूध तोंडातच धरायची नाही. मग मावशीने अख्ख्या छावणीला हळू बोलायला शिकवलं, दारांच्या चौकटींना रबर ठोकलं, तिच्या शेजारी गवतावर झोपला. ही सवय त्याच्या अशी अंगवळणी पडली की घरीही दार चोरासारखं लावायचा.

बायको म्हणायची, "अहो, इथे हत्ती नाही, मी आहे. माणूस घरात आलंय ते तरी कळू द्या!"

काही वर्षांत ठमी धीट झाली. नको तितकी झाली. जंगलातल्या कळपात सोडायची वेळ आली, तर ठमीबाई दिसेल त्या माणसाकडे धावत जाऊन खिशात सोंड घालायच्या!

"हिला माणसाची भीती बसायला हवी," छावणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर शिकाऱ्याच्याही खिशात सोंड घालेल. आणि हे तुम्हालाच करावं लागेल. परक्याने घाबरवलं, तर ती तुमच्याकडेच पळत येईल."

मावशी भांडला, काम सोडायची धमकी देऊन घरी आला आणि न जेवता बसून राहिला. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"जगवायचीय ना तिला? मग वाईट व्हा," ती म्हणाली.

आधी त्याने ढेकळं मारून पाहिली. ठमीने खेळ समजून एक ढेकूळ उचललं आणि त्याच्याकडेच भिरकावलं. हसावं की रडावं, त्याला कळेना. शेवटी नुसत्या आवाजाची काडतुसं भरलेली बंदूक घेऊन तो जंगलाच्या कडेला उभा राहिला. ठमी आली, नेहमीसारखी खिसा चाचपू लागली. त्याने नळी आभाळाकडे केली आणि बार उडवला.

ठमी किंचाळली आणि लपायला थेट त्याच्याच पाठीमागे आली. एवढं मोठं धूड, पण त्याच्या पाठीला चिकटून थरथरत होतं. मावशीच्या काळजाचं पाणी झालं. तरी तो वळला, तिच्या डोळ्यांत बघत ओरडला आणि दुसरा बार उडवला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्या हातून दार धाडकन लागलं. बायको आतून धावत आली.

"गेली?"

"गेली. झाडांपाशी थांबून मागे वळली. म्हटलं, आता येते की काय. पण मला बघितलं आणि आणखी जोरात पळाली." त्याने मिशांवरून हात फिरवला. "शिकली पोर," एवढं कसंबसं म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.