डावीकडची चमकी

आमचे अण्णा, हयवदनराव, चिक्कपेठेतल्या एका शिळाछापखान्यात पोस्टरं काढायचे. दगडावर चित्र काढायचं आणि त्यावरून कागद छापायचे, असं ते काम. सत्तावन्नची निवडणूक असो की बासष्टची, पक्ष बदलायचे, पोस्टरवरची बाई तीच. एका भिंतीवर ती एका पक्षासाठी मत मागायची, समोरच्या भिंतीवर त्याच्या वैऱ्यासाठी. मध्येच सरकारतर्फे 'लिहायला शिका' म्हणून सांगायची. इतकी पक्षांतरं एखाद्या मुरलेल्या पुढाऱ्यालाही झेपली नसती.

ती माझी आई होती. मी पाळण्यात असतानाच ती देवीच्या साथीत गेली. फोटो काढला की आयुष्य घटतं, या आजीच्या समजुतीपायी घरात तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून शाळेतून येताना मी त्या भिंतींपुढे उभी राहायची. मला आई हवी होती, मग ती मतं मागत असली तरी चालणार होतं.

एकदा माझी आत्या, मथुराअक्का, बरोबर होती. ती म्हणाली, "चेहरा तोच गं, पण वहिनी अशी नव्हती. स्वल्प वेगळी." मग तिनं बोट दाखवलं. चमकी उजव्या नाकपुडीत होती, शेजारच्या कन्नड बायकांसारखी. आमच्यात डावीकडे टोचतात.

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन अण्णांना विचारलं, "आईचं नाकसुद्धा लक्षात राहिलं नाही तुमच्या?"

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तरच कागदावर सुलटं येतं. अक्षरं मी उलटीच काढतो. तिला उलटी काढायला हात धजत नाही. दिवसभर समोर असते ना."

"मग मला तो दगड दाखवा."

"छपाई झाली की घासून टाकायचा. पुढचं पोस्टर त्यावरच."

मला त्या दगडाचासुद्धा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी देवी टोचून घेण्याचं नवं पोस्टर घरी आणलं. ते भिंतीवरच्या आरशासमोर धरलं आणि मला जवळ ओढलं. आरशात चमकी डावीकडे गेली. खालची अक्षरं उलटी होऊन वाचेनाशी झाली, आणि आई बरोबर झाली.

अण्णांनी बायकोचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं; 'तुझी आई', एवढंच. त्या दिवशी ते आरशाकडे बघत म्हणाले, "वसुमती, ही आपली नीरजा."