दांडीवरचा रुपया

"ऐकायचंय की मिरवायचंय?"

दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारायचे, तेही मान वर न करता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पुण्यात आपण त्यांचे किस्से सांगतो, एकमेकांना टाळ्या देतो, खूश होतो. मी हसत नाही. मला या माणसाचा राग आला होता आणि तो गेल्यावरही माझा राग उतरलेला नाही.

जुने रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचं त्यांचं दुकान रविवार पेठेतल्या एका बोळात होतं. दुकान कसलं, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बोळात थांबायचं. मी तिथे गेले ती आईच्या रेकॉर्डसाठी. आई लग्नाआधी कोरसमध्ये गायची. एका भावगीताच्या जाड, काळ्या रेकॉर्डवर मुख्य गायिकेच्या मागे तीन मुलींचे आवाज आहेत, त्यातला एक माझ्या आईचा. तिच्या आवाजाचं दुसरं काहीही आमच्याकडे उरलेलं नाही. मुलानं कर्वेनगरच्या घरी नवा स्टिरिओ आणून बसवला तेव्हा वाटलं, एखादं जुनं टर्नटेबल घ्यावं, त्याला जोडावं आणि आईला ऐकावं.

फळीवर दोन टर्नटेबलं होती. एक सागवानी, चकचकीत, पितळी बटणांचं. दुसरं राखाडी, सरकारी कचेरीतल्या कपाटासारखं. आईची जुनी रेकॉर्ड नव्या स्टिरिओवर ऐकायचीय, असं सांगून मी अर्थातच सागवानीला हात लावला.

"ते नाही. राखाडी न्या."

"का हो?"

"सांगितलं ना, ते नाही."

"अहो, पण कारण काय?"

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. "बाई, ऐकायचंय की मिरवायचंय? मिरवायचं असेल तर समई घ्या. तीही दिवाणखान्यात छान दिसते."

माझ्या मागे उभे असलेले एक गृहस्थ खो खो हसले. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. 'का' विचारणाऱ्या मुलीला असं उत्तर मी एकदाही दिलेलं नाही.

तणतणत बाहेर पडले आणि विश्रांतवाडीत एका माणसाकडून तसंच सागवानी टर्नटेबल उचलून आणलं. तो फार गोड बोलला. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मला नंतर समजलं.

घरी जोडलं तर आवाज अगदी क्षीण. स्टिरिओ पूर्ण मोठा केला तरी तेच. लहानपणी आमच्याकडे गाणं अडखळलं की बाबा दांडीवर नाणं ठेवायचे, सुई नीट टेकावी म्हणून. मीही दांडीवर रुपया ठेवला. आवाज काही वाढेना, आणि मी पडले हट्टी. आठ-दहा वेळा रेकॉर्ड लावली. शेवटी आईच्या ओळीच्या जागी नुसती खरखर राहिली.

रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून मी पुन्हा त्या बोळात गेले. त्यांनी ती उजेडात तिरकी धरून पाहिली.

"रुपया ठेवलात," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"हो, ठेवला!" मी भर दुकानात ओरडले. "माझ्या आईचा आवाज आहे त्यावर. त्या दिवशी दोन वाक्यं बोलायला काय झालं होतं तुम्हाला? समईवरून बोलायला सुचलं, ते बरं!"

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, म्हणाले, "बसा." मग राखाडी टर्नटेबल खाली काढलं. एक सुई लावून पाहिली, काढली. दुसरी लावली, काढली. तिसरी चांगलीच जाड होती.

"जुन्या रेकॉर्डची खाच रुंद असते," ते खाली बघत म्हणाले. "तुमची बारीक सुई तळाशी घासत बसली. त्या सागवानीला ही जाड सुई बसत नाही. ही वरच्या कडेला टेकते. तिथे तुमचा रुपया पोचलेला नाही."

खरखरीतून हळूहळू तीन मुली गायला लागल्या. ते कान देऊन ऐकत राहिले.

"मागची, जरा नाकात गाते, ती तुमची आई."

"कशावरून?"

"मघाशी तुम्ही ओरडलात ना, तोच आवाज."

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. ते म्हणाले, "गुरुवारी या. तुमच्या नव्या स्टिरिओला चालेल असं करून ठेवतो."

गुरुवारी गेले तर शटर अर्धं खाली. मंगळवारी सकाळी ते गेले होते. पायरीपाशी पाच-सहा गिऱ्हाइकं जमून त्यांचे टोमणे आठवत हसत होती. त्या दिवशी समईवर हसलेले गृहस्थही होते. "काय बोलायचे हो! तोड नाही!"

"त्या बोलण्यापायी माझ्या आईचा आवाज जात होता," मी म्हणाले. "आणि तुम्ही तेव्हाही हसत होतात." खरं तर मला त्या मेलेल्या माणसालाच झापायचं होतं.

त्यांच्या पत्नी राखाडी टर्नटेबल घेऊन बाहेर आल्या. "तुमचंच ना हे? सोमवारी दिवसभर यावरच बसले होते."

घरी येऊन झाकण उघडलं. आतून एक कागद चिकटवलेला होता, शाळकरी पोरासारखं ठळक, सुटं अक्षर.

"लाल खुणेची सुई आईंच्या रेकॉर्डला, कारण ती जाड आहे. निळी बाकीच्यांना. वायरीत बसवलेली डबी काढू नये, कारण तिच्याशिवाय नव्या स्टिरिओला आवाज पुरत नाही. दांडीवर काही ठेवू नये, कारण भार बरोबर लावला आहे. चुकलं तर परत या. ओरडणार नाही."

प्रत्येक गोष्टीला कारण दिलं होतं. म्हणजे येत होतं या माणसाला! सगळं नीट सांगता येत होतं!

मी लाल सुई लावली. आईची ओळ आली, फाटकी, पण आली.

"परत या म्हणता, आता कुठे येऊ?" मी त्या झाकणावर ओरडले. खोलीत दोन आवाज होते आणि ते अगदी सारखे होते.