कुमुदवन्सं जेवायला येईनाशा झाल्या

फोन ईशाचा होता. मी धारला भावाकडे गेले होते आणि वहिनीबरोबर स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. "आत्या, मावशी गई," ती हिंदीत म्हणाली, आणि मग जरा थांबून मराठीत, "गेली गं." मावशी म्हणजे कुमुदवन्सं, माझ्या यजमानांची धाकटी बहीण, माझी नणंद. ईशा माझ्या भावाची मुलगी. तिचं वन्संशी रक्ताचं नातं काहीच नाही, पण इंदूरच्या इस्पितळात शेवटचे दिवस त्यांच्या उशाशी हीच बसली होती. आजार कळला तेव्हाच डॉक्टरांनी मान हलवली होती, त्यामुळे बातमी अचानक आली असं म्हणता येणार नाही... तरी हातातली जुडी तशीच टाकून मी बसस्टँड गाठला आणि देवासला घरी पोचेपर्यंत कोणाशी एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना यावरून काय ते कळेल.

'वन्सं' म्हटलं की हल्लीच्या मुली हसतात. पुण्याकडे हा शब्द आता कोणी वापरत नाही म्हणे. आम्ही माळव्यातली माणसं, बोलताना निम्मी हिंदी घुसडू, पण नणंदेला वन्संच म्हणू, आणि वयानं लहान असली तरी 'अहो' म्हणू. कुमुदवन्संनी लग्न केलं नाही. आधी बरीच वर्षं सोनकच्छला हिंदी शिकवलं, रोज देवासहून बसनं जाऊन-येऊन. वर्गात तोंड न उघडणारी पोरं बसस्टँडवर उभ्या उभ्या सगळं बोलून टाकतात, हे म्हणे त्यांच्या तिथे लक्षात आलं. मग चांगल्या मोठ्या वयात पुन्हा परीक्षा दिल्या आणि देवासच्या एका खासगी शाळेत समुपदेशक म्हणून लागल्या. खेळाच्या सामानाच्या कोठारालगतची एक खोली त्यांना मिळाली होती. आमचे हे म्हणायचे, "कुमुद पगार घेऊन गप्पा मारते." मी जन्मभर बँकेत काउंटरवर बसलेली बाई, सहीशिवाय कागद पुढे न सरकवणारी. मलाही ते काम कळायचं नाही. दर रविवारी त्या आमच्याकडे जेवायला यायच्या आणि मी विचारायचे, "वन्सं, आठवडाभर काय केलंत?" त्या म्हणायच्या, "ऐकलं." काय ऐकलं, ते मात्र कधी सांगितलं नाही. मुलाचं नाव नाही, वर्ग नाही, एवढंसं सूतसुद्धा नाही. गावातल्या अर्ध्या घरांची पोरं त्यांच्याकडे जात असणार, आणि मला बातम्यांची केवढी आवड! रविवारचं माझं जेवण निम्मं त्या रागातच व्हायचं.

ईशा अकरावीला आमच्याकडे राहायला आली आणि त्याच शाळेत जाऊ लागली. पोरगी गणितात हुशार, बोलायला फटकळ. पुढे गणित अवघड जायला नको म्हणून ह्यांनी तिला आपल्या एका स्नेह्याकडे शिकवणी लावून दिली. हे सर म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळातले मानाचे गृहस्थ, आरतीला पेटी वाजवणारे, कुणाच्याही घरी वेळी-अवेळी जाऊन चहा मागू शकणारे. श्रावण लागला तशी ईशा गप्प होऊ लागली. पोट दुखतंय म्हणायची, पानात अन्न टाकायची. मी ओवा दिला, काढे दिले, शेवटी दृष्टसुद्धा काढली. आणि त्याच सुमारास कुमुदवन्सं आमच्याकडे जेवायला येईनाशा झाल्या.

एक रविवार गेला, दुसरा गेला. फोन केला तर छान बोलायच्या, "नाही जमणार, वहिनी," म्हणायच्या आणि कारण द्यायच्या नाहीत. आता आमच्यासारख्या घरात नणंद कारण न सांगता यायची थांबली, तर कारण आपणच शोधायचं असतं. शोधता शोधता ते कढीपाशी सापडलं. शेवटच्या रविवारी कढी वन्संनी केली होती आणि ह्यांनी तिला 'पाणचट' म्हटलं होतं. झालं! घरात एकमत झालं की कुमुद कढीवरून रुसली. हे आधी तोऱ्यात होते. पण भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. दोघी महालक्ष्म्यांना साड्या नेसवायचं काम आमच्याकडे कायम वन्संचं, त्यांच्यासारख्या निऱ्या कोणाला येत नाहीत. त्यांचा निरोप आला, "या वर्षी तुम्हीच नेसवा." मी नेसवल्या. थोरली जरा डावीकडे कललेली दिसत होती आणि आलेल्या प्रत्येक सवाष्णीनं देवीच्या आधी तो कल पाहिला. "कुमुदताई कुठे आहेत?" हे तर प्रत्येकीनं विचारलं. दुसऱ्या दिवशी हे डब्यात पुरणपोळ्या घेऊन बहिणीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कढी चांगली होती." वन्सं पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "दादा, कढी पाणचटच होती. पण मी नाही येणार." पोळ्या ठेवून घेतल्या, दादाला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. हे घरी आले ते जवळजवळ रडकुंडीला येऊनच.

नवरात्रात एक दिवस, देवीच्या टेकडीवर माणसांची रीघ लागलेली असताना, दुपारी आमच्या दारात रिक्षा थांबली. आधी ईशा उतरली, मागून वन्सं. त्या पायरीवरच थांबल्या. ईशानं मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चलो ना मैडम." घरात मावशी म्हणणारी पोर मॅडम म्हणते आहे, हे माझ्या ध्यानात आलं, पण अर्थ लागला नाही. आत आल्यावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, दादा, बसा. ईशाला काही सांगायचं आहे. ती अडली तर मी सांगेन, पण जेवढं तिनं सांगायला सांगितलंय तेवढंच." ईशानं सांगितलं. शिकवणीत ते सर तिच्याशी जसं वागत होते तसं कोणत्याही मुलीशी कोणी वागू नये. पहिल्यांदा झालं तेव्हा तिला वाटलं चुकून झालं असेल. मग ते चुकून नव्हतं हे कळलं, आणि कळल्यावर आधी भीती वाटली ती सरांची नाही, आमची. पप्पा धारला परत नेतील, शाळा सुटेल, गणित सुटेल, गावभर नाव होईल. एवढं बोलून ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली... मला त्या माणसाची पेटी रस्त्यावर फेकून द्यावीशी वाटली. अजून वाटते.

वन्संचं सगळं काम खरं तर त्यानंतर सुरू झालं. भाऊ संध्याकाळपर्यंत धारहून आला. त्याचं शिलाई मशिनचं दुकान आहे, माणूस मायाळू, पण घाबरट. आल्या आल्या म्हणाला, "बॅग भर बेटा, घर चलते हैं." मग वन्संकडे वळून हात जोडले. "ताई, तुमचे उपकार आहेत. पण ही घरातली गोष्ट घरातच राहू द्या. आपला समाज केवढासा. उद्या हिच्या लग्नाच्या वेळेला..." आमचे हे खाली बघून बसले होते. स्नेही त्यांचा, शिकवणी त्यांनी लावलेली. वन्संनी भावाला आधी चहा प्यायला लावला. मग इकडच्या रीतीनं भैयाचं भिया करत म्हणाल्या, "भिया, काय सुटायला हवं? हिची शाळा की त्यांची शिकवणी?" भावानं कप खाली ठेवला. "मला हे पोलिसांना कळवावंच लागेल. कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी कळवलं असतं, कारण त्या शिकवणीत अजून मुली जातात. ईशाला हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू बोलशील ते माझ्यापाशी राहील, पण कोणी तुला त्रास देत असेल तर मी गप्प बसणार नाही. हे माहीत असून ती बोलली आहे. आता तिला परत नेलंत, तर खरं बोलण्याची शिक्षा तिला झाली असं होईल." आवाज चढवला नाही. पण ह्यांनी 'पाणचट' म्हटलं तेव्हा लाजून हसणाऱ्या वन्सं या नव्हेत, हे मला तेव्हा दिसलं.

शाळेच्या संचालकांनाही प्रकरण नको होतं. घटना शाळेच्या बाहेरची, शिक्षक शाळेचा नाही, आपण कशाला मध्ये पडायचं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर येणारी बाई हवी म्हणून वन्सं मला घेऊन गेल्या होत्या. संचालकांनी नोकरीचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, नौकरी आपकी है, रख लीजिए. रिपोर्ट तो आज ही जाएगी." नोकरी गेली नाही. धमक्या ऐकणारा माणूस शांत असला की देणाऱ्याची पंचाईत होते. ईशाच्या जबानीच्या दिवशी भाऊच तिच्या शेजारी बसला. त्याला तसं बसवायला वन्संना किती फेऱ्या माराव्या लागल्या ते मी मोजलं नाही. त्या माणसाची शिकवणी बंद झाली, प्रकरण कोर्टात उभं राहिलं. ईशा देवासलाच बारावी झाली. मंडळातल्या काही घरांनी पुढे वन्संना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. त्या म्हणायच्या, "बरं झालं, डाळ-पन्ह्यानं माझा घसा बसतो."

त्या सगळ्या धामधुमीत एकदा मी त्यांच्यावर फाडकन तोंड टाकलं. मी ईशाची सख्खी आत्या, ती माझ्या घरात राहते, माझ्या हातचं खाते, आणि मला शेवटी कळावं? श्रावणापासून ती तुमच्याकडे येत होती आणि तुम्ही मला ओवा देऊ दिलात? वन्सं म्हणाल्या, "श्रावणात मलाही काही माहीत नव्हतं, वहिनी. ती नुसती येऊन बसायची. मी तिला सांगितलं, अगं, मी घरातली आहे, इंदूरला माझ्या ओळखीच्या बाई आहेत, त्यांच्याकडे जा. नाही म्हणाली. मग मी विचारलं, तुला रविवारची मावशी हवी की ही खोली? दोन्ही एकदम नाही होणार माझ्याच्यानं. तिनं खोली म्हटलं." "पण जेवायला यायला काय हरकत होती?" मी विचारलं. "अहो, मी तुमच्या शेजारी जेवायला बसले असते तर ती पोर समोरून माझं तोंड बघत राहिली असती, ही आत्याला काही बोलली तर नाही ना म्हणून. घास उतरला असता का तिला? आणि का येत नाही हे तुम्हाला सांगितलं असतं, तर ती माझ्याकडे येते हेही सांगितल्यासारखंच झालं असतं." म्हणजे कढीचा आरोप या बाईनं मुकाट्यानं दोन महिने अंगावर वागवला होता. त्याबद्दल मी आजही थोडी चिडलेलीच आहे. आणि मला त्यांची फार आठवण येते, हेही सांगून टाकते.

तेराव्याला देवासच्या घरी कितीतरी तरुण मुलं-मुली आली. काहींच्या कडेवर पोरं होती, काहींबरोबर आई-वडील होते. बाप विचारायचा, "बेटा, तू कैसे जानता है इनको?" आणि प्रत्येक जण ठरवून आल्यासारखं एकच म्हणायचा, "मैडम हमें पढ़ाती थीं." वन्संनी त्या शाळेत एकही तास घेतला नव्हता. मी प्रत्येकाला लाडू दिला आणि कोणता विषय, असं एकालाही विचारलं नाही. मला किती कष्ट पडले असतील याची कल्पना करा.

आता हा लेख. तो लिहून झाल्यावर मी ईशाला बोलावलं. ती इंदूरला आर्किटेक्चर शिकते, मराठी बोलते पण वाचताना अडखळते, म्हणून मीच वाचून दाखवायचं ठरलं. वन्संचं घर रिकामं करायला आम्ही गेलो होतो. भांडी बांधून झाली होती, खिडकीपाशी त्यांच्या दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या. त्या समोरासमोर कधीच नसायच्या, जरा तिरक्या असायच्या, म्हणजे बोलणाऱ्याला वाटलं तर बाहेर बघता यावं. आम्ही त्या तशाच ठेवून बसलो. मी तिला आधी सांगितलं, "तुझं नाव मी बदललंय. धंदा, शिक्षण, कुणाचं काय, तेही बदललंय. तरीही नको असेल तर लेख छापायला जाणार नाही. फाडून टाकू." ती म्हणाली, "पढ़ो तो सही."

मी वाचत गेले. कढीपाशी ती खदखदून हसली. तिच्या वडिलांचा भाग आला तेव्हा म्हणाली, "पप्पा थोडे और अच्छे थे, आत्या," म्हणून मी 'मायाळू' हा शब्द घातला. नवरात्रातल्या त्या दुपारी रडता रडता ती मला जे म्हणाली होती, ते मी शब्दन् शब्द लिहिलं होतं. एक अख्खा परिच्छेद होता. या लेखात माझ्या हातून काही बरं उतरलं असेल तर ते तेवढंच, असं मला वाटत होतं. तो वाचून झाला तेव्हा ईशा खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "ये वाला नहीं. ये मेरा है."

मी पेन काढलं आणि तो परिच्छेद तिच्यादेखत खोडला.